पाठवणी, वस्ती, मंडळी

लॅटिन ‘मित्तेरे’ म्हणजे पाठवणे, त्यावरून ‘मिस्सिओ’. 1540 साली येशूसंघ स्थापन झाला आणि धर्मप्रसारासाठी दूरदेशी माणसे धाडण्याला हा शब्द रुळला. ग्रीक ‘अपोस्तोलोस’ही पाठवलेलाच. मराठी बायबलने त्याला ‘प्रेषित’ केले, ते चपखल. ‘मिशन’ मात्र तसेच राहिले, आणि मराठीत आल्यावर चालायचे थांबले. ‘मिशनच्या दवाखान्यात नेलं’ म्हणताना डोळ्यांपुढे प्रवास येत नाही, फाटक येते.

फाटकाआतल्या आवाराला शब्द होता कंपाउंड. तो मलय ‘काम्पोंग’वरून इंग्रजीत आला असे बहुतेक कोशकार मानतात. काम्पोंग म्हणजे वाडी, वस्ती. मराठीतला कुंपण हा अर्थ नंतरचा.

मराठवाड्यात अशी वस्ती जालन्याजवळ उभी राहिली. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण. 1843 साली मुंबईत ख्रिस्ती झाले आणि पुढे स्कॉटिश फ्री चर्चच्या कामासाठी जालन्यास आले. त्यांच्याभोवती जमले ते मुख्यतः मांग समाजातले लोक. सालारजंग दिवाण असताना निजाम सरकारकडून जमीन मिळवून शेषाद्रींनी गाव वसवले, नाव ठेवले बेथेल. हिब्रूत ‘बेथ’ घर, ‘एल’ देव. देवळाची पायरी ज्यांना बंद होती, त्यांच्या पत्त्यातच देवाचे घर आले. नाव निवडताना शेषाद्रींना हे नक्कीच दिसले असणार, असे मला वाटते.

नांदेड-लातूरच्या दक्षिणेला बिदरमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन मेथडिस्ट आले; आज लातूर जिल्ह्यात असलेले उदगीर तेव्हा बिदरकडेच होते. स्कॉटिश असो की अमेरिकन, लोकांच्या तोंडी हे सगळे पाद्रीसाहेब. ‘पाद्रे’ (बाप) हा पोर्तुगीज कॅथलिकांचा शब्द, प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांनी तो मुकाट्याने अंगावर घेतला.

खरे घरचे वळण सापडले ते ‘एक्लेसिया’ला. ग्रीकांची ही बोलावून भरवलेली नगरसभा. मराठी बायबलात ती ‘मंडळी’ झाली. भजनी मंडळी, नाटक मंडळी, शिवाय घरातली ‘आमची मंडळी’ म्हणजे बायको, या सगळ्यांच्या पंगतीत ख्रिस्ती मंडळीही बसली. विठ्ठल रामजी शिंदे ख्रिस्ती नव्हते, प्रार्थना समाजाचे होते. 1906 साली त्यांनी मुंबईत अस्पृश्यांसाठी संस्था काढली. तिचे इंग्रजी नाव ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’, मराठी नाव ‘निराश्रित साह्यकारी मंडळी’.