नवं, जुनं आणि पाच इंची पातं

लाकडात जाळी कापायच्या यंत्राला स्क्रोल सॉ म्हणतात. दिसायला थोडंफार शिवणाच्या मशीनसारखं. एक सपाट टेबल, त्यातून वरखाली होणारं काडेपेटीतल्या काडीपेक्षाही बारीक पातं, आणि दोन्ही हातांनी फळी फिरवत नेणारे आपण. सुतार फळी जागेवर ठेवून करवत फिरवतो, इथे सगळं उलटं. त्यामुळे इतकी आवळ वळणं घेता येतात की नथीतला मोतीसुद्धा कापून काढावा (लाकडाचा, अर्थात!).

हे यंत्र घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला पहिला प्रश्न पडतो तो नवं घ्यावं की जुनं. अमेरिकेत जुन्या यंत्रांचा सुकाळ असल्यामुळे इथे तो जरा जास्तच पडतो. आमच्या मंडळाने गणपतीसाठी दरवर्षी थर्मोकोल फेकण्यापेक्षा एकदाच प्लायवुडचं मखर करायचं ठरवलं आणि जाळीचं काम माझ्याकडे आलं. तेव्हाच एका शाळेची सुतारकामाची कार्यशाळा बंद होत होती आणि तिथला बिडाचा जुना डेल्टा विकायला होता. तेवढ्याच पैशात दुकानात साधंसं पण कोरं यंत्र मिळत होतं. ठरवण्याआधी मी या यंत्राचा इतिहास वाचायला बसलो. (आमच्या घरी याला काम टाळणं म्हणतात.) पण माझा प्रश्न सुटला तो त्या इतिहासामुळेच.

सुरुवात हातकरवतीपासून झाली. चौदाव्या लुईच्या पदरी आंद्रे-शार्ल बूल (1642-1732) नावाचा कारागीर होता. पितळेचा आणि कासवाच्या पाठीचा पातळ पत्रा एकावर एक ठेवून तो दोन्हींतून एकच नक्षी कापायचा, आणि मग एकाचा तुकडा दुसऱ्याच्या भोकात बसवायचा. त्यासाठी लागायची ती धनुष्यासारख्या चौकटीत ताणलेली बारीक करवत. पुढे 1760च्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरीने लाकडावर नकाशे चिकटवून ते देशांच्या सीमांवरून कापले, मुलांना भूगोल शिकवायला म्हणून. जिगसॉ पझल म्हणतो ते हेच, फक्त ते नाव त्याला फार नंतर मिळालं.

या करवतीत खरं काम दातांइतकंच ताणाचं असतं. पातं सैल असेल तर ते लाकडात वाकतं आणि रेघ सोडून भटकतं. ताण कमीजास्त होत राहिला तर तुटतं. पुढच्या दीडशे वर्षांत या यंत्रात जे काही बदल झाले ते बहुतेक या एका अडचणीभोवती फिरतात.

1870च्या दशकात पायाने चालवायची यंत्रं आली. इलिनॉयमधल्या रॉकफर्डची बार्न्स कंपनी मोठी यंत्रं करायची, छोट्या कारागिरांसाठी. मॅसॅच्युसेट्समधल्या मिलर्स फॉल्स कंपनीचं रॉजर्स नावाचं घरगुती यंत्र तर साडेतीन डॉलरला मिळायचं. इंग्लंडमध्ये डेरहॅम या छोट्या गावातून 1895 साली ‘हॉबीज’ नावाचं साप्ताहिक निघालं. त्यातून जाळीकामाचे नमुने यायचे, आणि ते कापायची यंत्रं विकायला हॉबीज कंपनी होतीच. धंदा कसा करावा हे त्यांना बरोबर कळलं होतं!

या घरगुती पाययंत्रांची रचना पाहण्यासारखी आहे. एक हात टेबलाच्या वर, एक खाली, दोघे मागच्या बाजूला आधारावर झुलणारे. पुढच्या टोकांमध्ये पातं, मागच्या टोकांमध्ये ताण द्यायचा स्क्रू. पायटा मारला की दोन्ही हात एकदम वर आणि एकदम खाली. चारी बाजू मिळून समांतरभुज चौकोन होतो, त्यामुळे पातं वर असो वा खाली, त्यावरचा ताण तेवढाच राहतो. शाळेत असताना या चौकोनाचा पुढे उपयोग काय असं विचारायची सोय नव्हती. तर तो असा आहे.

मग वीज आली. 1919 साली मिलवॉकीत हर्बर्ट टाऊट्झ याने डेल्टा कंपनी सुरू केली, आणि तिची सुरुवातीची ओळख छोट्या स्क्रोल सॉची. लांब लाकडी हात मोटरच्या वेगाने हलवले तर अख्खं यंत्र थरथरणार. तेव्हा विजेच्या यंत्रांनी ते हात काढूनच टाकले. वरचा हात बिडाचा, जाड आणि अचल. पात्याचं खालचं टोक मोटर वरखाली करणार आणि वरचं टोक स्प्रिंग ओढून धरणार. यंत्र भक्कम झालं, जाड लाकूड खाऊ लागलं. वरचा आधार न घेता ताठ पातं किंवा कानस नुसती खाली पकडूनही काम करता येऊ लागलं. पण पातं खाली जाताना स्प्रिंग जास्त ताणली जायची आणि वर येताना सैल व्हायची. म्हणजे प्रत्येक फेऱ्यात ताण बदलायचा आणि अगदी बारीक पाती टिकायची नाहीत.

पण म्हणून ही यंत्रं कुचकामी होती असं म्हणवत नाही. महामंदीत अमेरिकेत जिगसॉ पझलचं वेड आलं. 1933च्या सुरुवातीला आठवड्याला एक कोटी पझल विकली जात होती. त्यातली बहुसंख्य पुठ्ठ्याची, ठशाने कापलेली. पण नोकरी गेलेले कितीतरी सुतार आणि कारागीर घरच्या यंत्रावर लाकडी पझल कापून विकत, औषधाच्या दुकानांतून आणि वाचनालयांतून ती भाड्यानेही मिळत. न्यूयॉर्कची पार ही नामांकित पझल कंपनी 1932 साली अशीच दोन बेकार मित्रांनी सुरू केली. काम नसलेल्या माणसाच्या घरात चूल पेटती ठेवणारं यंत्र म्हटल्यावर मला त्याच्या स्प्रिंगला नावं ठेवायला जड जातं.

1970च्या दशकात जर्मनीत हेग्नर नावाचं यंत्र आलं. त्यात पुन्हा दोन हात होते, पुढे पातं, मागे ताणाची दांडी. तोच चौकोन, आता हलक्या पण ताठ धातूच्या हातांनी आणि चांगल्या बेअरिंगवर झुलणारा. पात्याची टोकं धरणारे चिमटेही हातांबरोबर वळू लागले, त्यामुळे पातं टोकाशी वाकून तुटणं कमी झालं. पुढच्या वीस वर्षांत जवळजवळ सगळ्या उत्पादकांनी बिडाचा अचल हात सोडून हलते हात घेतले.

म्हणजे गंमत बघा. दुकानातल्या कोऱ्या यंत्राची कल्पना पाययंत्रांच्या काळातली, आणि शाळेतल्या जुन्या डेल्टाची कल्पना त्यानंतरची! यंत्र किती वर्षांचं आहे हे विचारून काहीच कळत नव्हतं. विचारायला हवं होतं ते हे, की पात्याला ताण कोण देतं?

माझ्या मखरात सव्वादोनशे भोकं होती. प्रत्येक भोकासाठी पातं वरून सोडवायचं, फळीतून ओवायचं, पुन्हा अडकवून ताण द्यायचा. जुन्या डेल्टावर हे सव्वादोनशे वेळा करणं म्हणजे दिवाळीच उजाडली असती. दुसरीकडे, दुकानातल्या स्वस्त यंत्राचे हात हलते असले तरी त्याला दोन्ही टोकांना आडवी पिन असलेलं पातं लागत होतं. ती पिन आत जायला भोक मोठं पाडावं लागतं आणि नाजूक जाळीत मोठं भोक लपवणार कुठे?

म्हणून मी तिसरा रस्ता धरला. जुनं, पण 1970च्या अलीकडचं. डिवॉल्टचं 788 हे वीस इंची यंत्र 1990च्या दशकाच्या अखेरीस आलं, आधी कॅनडात बनायचं, नंतर तैवानमध्ये. त्यात लांब हातही वरखाली झुलत नाहीत, फक्त पात्याजवळचे आखूड तुकडे हलतात, म्हणून थरथर कमी. बिनपिनीचं साधं पातं लागतं आणि ताणाचा खटका पुढेच, हाताशी. असं एक वापरलेलं यंत्र मला मिळालं.

जुनं यंत्र बघायला जाणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. वीज बंद ठेवून वरचा हात चिमटीत धरा आणि वरखाली हलवून बघा. खटखट लागली तर बेअरिंगं झिजली आहेत. मग वेग शून्यापासून हळूहळू शेवटपर्यंत वाढवा आणि कान द्या. चिमट्यांच्या स्क्रूचे आटे पाहा, बिघाड बहुधा तिथूनच सुरू होतो. टेबलावरच्या गंजाला घाबरू नका, तो घासून जातो. सुट्या भागांची चौकशी मात्र आधी करा. डेल्टाचंच उदाहरण घ्या. 1945 साली ती रॉकवेलकडे गेली, 1984 साली पेंटेअरकडे, 2004 साली ब्लॅक अँड डेकरकडे आणि 2011 साली तैवानच्या चँग टाइपकडे. यंत्रावर नाव तेच राहतं, पण त्या नावाच्या कारखान्यात तुमची स्प्रिंग मिळेलच असं नाही.

शाळेतला तो डेल्टा खेळणी करणाऱ्या एका गृहस्थांनी नेला. त्यांना जाड लाकूड कापायचं असतं आणि आतली भोकं क्वचित. म्हणजे ते यंत्र योग्य घरी पडलं असं मी मानतो.

राहता राहिलं पातं. साधं, बिनपिनीचं, पाच इंची. आज मी दुकानातून आणतो तेच पातं हॉबीजच्या पाययंत्रालाही चाललं असतं आणि त्या डेल्टालाही चालतं. मधल्या काळात आजूबाजूचं सगळं बदललं, पण हा पाच इंचांचा तुकडा तेवढाच राहिला. थोडा वेळ कापलं की बोथट होतं, फेकून द्यायचं, नवीन लावायचं. यंत्रावर वाचवलेले पैसे मी चांगल्या पात्यांवर घातले. मखराचं तिसरं वर्ष आहे. कमानीवरचा एक मोर गेल्या वर्षी मोडला, तो या शनिवारी पुन्हा कापायचा आहे.