रोगाचा पत्ता

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. मिरजेत शिकले, आता बर्लिनमधल्या एका प्रयोगशाळेत काम करते. रोगी मला क्वचितच भेटतो; भेटतो तो त्याच्या शरीराचा काढलेला तुकडा. आधी फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेला, मग मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला, तीन-चार मायक्रॉनचा काप करून काचेवर चढवलेला आणि जांभळ्या-गुलाबी रंगांत रंगवलेला. त्या कापात रोग शोधायची विद्या ज्या शहरात मोठी झाली, तिथंच मी ती रोज वापरते, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

रोग शरीरात नेमका असतो कुठे? आपल्याकडे वात-पित्त-कफाचा तोल गेला असं म्हणत. युरोपात ग्रीकांच्या काळापासून रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त यांचा हिशेब मांडत. दोन्हीकडे रोग सगळ्या देहाचा. 1761 मध्ये पाडुआच्या मोर्गान्यीनं आयुष्यभराची शवविच्छेदनं ग्रंथात मांडली आणि रोगाला अवयव दिला. पुढे पॅरिसच्या बिशानं अवयवातल्या ऊतींपर्यंत बोट नेलं. तरीही 1840 च्या दशकात व्हिएन्नाचे मोठे पॅथॉलॉजिस्ट रोकिटान्स्की रोगाचं मूळ रक्तद्रवाच्या बिघाडातच शोधत होते. त्यांच्यावर जाहीर टीका करायला उभा राहिला तो पंचविशीतला रुडॉल्फ फिर्शो. पोमेरानियातल्या लहानशा गावाचा, लष्करी वैद्यक संस्थेत शिकलेला आणि बर्लिनच्या शारिते इस्पितळात शवविच्छेदन करणारा.

1845 मध्ये त्याच्यापुढे पन्नाशीच्या एका स्वयंपाकिणीचं शव आलं. प्लीहा प्रचंड वाढलेली, आणि रक्तात तांबड्या-पांढऱ्या पेशींचं प्रमाणच उलटलेलं. त्याच वर्षी एडिनबरोच्या बेनेटनं असाच रोगी पाहून रक्तात पू झाला असा निष्कर्ष काढला होता. फिर्शोनं पू मानायला नकार दिला: पांढऱ्या पेशी रक्तातल्याच आहेत, त्यांची संख्या बिघडली आहे. 1847 मध्ये त्यानं या रोगाला ल्युकेमिया हे नाव दिलं. त्याच सुमारास फुफ्फुसाच्या धमनीत अडकलेल्या गुठळ्या तिथल्या नसून पायाच्या शिरांतून वाहत आलेल्या असतात, हे त्यानं कुत्र्यांच्या शिरांत रबराचे तुकडे सोडून दाखवलं. आज ऑपरेशननंतर रोग्याला लवकर चालायला लावतात, पोटऱ्या सुजल्या का ते बघतात, त्यामागे हेच काम आहे.

मला मात्र त्याचं सगळ्यात मोठं काम सूक्ष्मदर्शकाखालचं वाटत नाही. फेब्रुवारी 1848 मध्ये प्रशियाच्या सरकारनं त्याला अप्पर सायलेशियात पाठवलं. तिथं टायफसची साथ होती, पिकं बुडाली होती, लोक उपाशी होते. रीब्निक आणि प्लेस या भागांतली वस्ती पोलिश बोलणारी आणि अंमलदार जर्मन बोलणारे. वय वर्षं सव्वीस. जेमतेम तीन आठवडे तो त्या मुलखात हिंडला. माणसं कोंदट झोपड्यांत दाटीवाटीनं राहत होती. टायफस उवांमार्फत पसरतो हे कळायला 1909 साल यायचं होतं, म्हणजे त्याला रोगाचं कारण ठाऊक नव्हतं. तरी त्याच्या अहवालात उपाय म्हणून औषधांची यादी आली नाही. शाळा हव्यात, पोलिश भाषेला कारभारात जागा हवी, रस्ते हवेत, करांचा भार गरिबांवरून श्रीमंतांवर जावा, आणि लोकांना स्वतःचा कारभार करू द्यावा. सरकारनं वैद्यकीय अहवाल मागवला होता; हाती पडला तो सरकारवरचा आरोप. परतल्यावर थोड्याच दिवसांत, मार्चच्या क्रांतीत, तो बर्लिनच्या रस्त्यांवरल्या अडथळ्यांमागे उभा होता. पुढच्याच वर्षी त्याला बर्लिन सोडून व्युर्त्सबुर्गला जावं लागलं.

व्युर्त्सबुर्गच्या सात वर्षांत पेशीचा विचार पक्का झाला. प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच येते, हे सूत्र 1855 मध्ये त्यानं मांडलं आणि ते त्याच्याच नावावर चढलं. पण बर्लिनच्या रॉबर्ट रेमाकनं ते त्याआधीच, भ्रूणांमध्ये पेशी दुभंगताना पाहून, सांगितलं होतं. रेमाक पोझेनचा ज्यू. त्या जन्मामुळे विद्यापीठात त्याची वाट कायम अडवलेली. त्याचं श्रेय त्याला मिळालं नाही. फिर्शोबद्दल मला कितीही आदर असला तरी हे लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही.

1858 च्या वसंतात, बर्लिनला परतलेल्या फिर्शोनं डॉक्टरांपुढे वीस व्याख्यानं दिली आणि त्यांचंच पुस्तक झालं. गाभा असा: रोग म्हणजे बाहेरून शरीरात शिरून बसलेलं भूत नव्हे. निरोगी पेशी जे करते तेच, पण चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी किंवा चुकीच्या प्रमाणात. यकृताची पेशी मेद हाताळतेच. दारूनं किंवा साखरेच्या रोगानं तो तिच्यात साठत गेला की यकृत पिवळं आणि जड होतं. कातडीची पेशी दुभंगतेच. दुभंगणं थांबेना आणि ती खालच्या थरात घुसू लागली की त्याला आपण कर्करोग म्हणतो. स्लाइडवर मी दिवसभर हेच पाहते: पेशी फुगली का, मेली का, वाढली का, हद्द ओलांडली का.

गुरूची चूक शिष्यानं दुरुस्त केली, हा मला या इतिहासातला फार सुंदर भाग वाटतो. पू स्थानिक पेशींतूनच तयार होतो असं फिर्शो मानत असे. त्याचा सहायक यूलिउस कोनहाइम यानं 1867 मध्ये बेडकाच्या आतड्याजवळचा पातळ पडदा जिवंतपणी भिंगाखाली ताणला आणि दाह डोळ्यांनी पाहिला. रक्तवाहिन्या रुंदावल्या, प्रवाह मंदावला, पांढऱ्या पेशी भिंतीला चिकटल्या आणि भिंतीतून हळूहळू बाहेर पडल्या. लाली, उष्णता आणि सूज कुठून येते, ते त्या पडद्यावर उलगडलं. जखम ठणकते तेव्हा शरीर हरत नसतं, ते कामाला लागलेलं असतं.

24 मार्च 1882 ला रॉबर्ट कोखनं बर्लिनमध्येच क्षयाचा जंतू जाहीर केला. फिर्शो त्याबाबत थंडच राहिला, आणि तिथं तो अडून बसला असं माझं स्पष्ट मत आहे. पण त्याच्या शंकेत एक खरा प्रश्न होता: जंतू पुष्कळांच्या शरीरात शिरतो, मग रोग मोजक्यांनाच का होतो? फुफ्फुसातल्या क्षयाच्या गाठीत जो विध्वंस दिसतो, त्यातला बराचसा शरीराच्या स्वतःच्या प्रतिकाराचाच असतो.

1887 मध्ये जर्मन युवराज फ्रीडरिशच्या घशातून काढलेले तुकडे फिर्शोकडे आले. त्याला त्यांत कर्करोग आढळला नाही. ब्रिटिश डॉक्टर मॅकेन्झीनं त्यावर भिस्त ठेवली आणि मोठी शस्त्रक्रिया टळली. फ्रीडरिश सम्राट झाला आणि 99 दिवसांनी, 15 जून 1888 ला, स्वरयंत्राच्या कर्करोगानं गेला. तुकड्यात नव्हतं म्हणजे शरीरात नव्हतं असं होत नाही. आमच्या विद्यार्थ्यांना ही हकिगत मी पहिल्याच आठवड्यात सांगते. कुठून घेतला, किती खोल घेतला, हे कळल्याशिवाय तुकडा बोलत नाही.

कोख 1897 मध्ये प्लेगच्या अभ्यासासाठी मुंबईलाही येऊन गेला. तेव्हा प्लेगचा जंतू सापडून तीन वर्षं झाली होती, ग्रँट मेडिकल कॉलेजात हाफकिननं लसही तयार केली होती. तरी 1898 मध्ये मुंबईला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभारावा लागला, कारण नुसत्या जंतूवर बोट ठेवून दाटीवाटीच्या खोल्या मोकळ्या होत नव्हत्या. ट्रस्टनं वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले. घरं गेली त्या मानानं नवी बांधली गेली नाहीत, आणि बेघर झालेले शेजारच्या वस्तीत दाटले. बांधल्या त्यांना आपण आजही बीआयटी चाळी म्हणतो.

माझे आजोबा अशाच एका चाळीत राहत आणि गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात काम करत. रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी पाळीला गेलं की त्यांची छाती आवळायची, आठवडा सरेल तशी मोकळी व्हायची. वर्षांमागून वर्षं गेल्यावर ती मोकळी होईना. कापसाच्या धुळीनं होणाऱ्या या रोगाचा फुफ्फुसाचा तुकडा भिंगाखाली ठेवला तर त्याची अशी खास खूण सापडत नाही. जाडावलेल्या श्वासनलिका, वाढलेल्या श्लेष्मग्रंथी, विडी ओढणाऱ्याच्या फुफ्फुसातही असतात तशाच. निदान होतं ते माणूस कुठे कामाला होता आणि कोणत्या वारी छाती आवळते, हे विचारून. म्हणून फुफ्फुसाचा तुकडा आला आणि कागदावर रोग्याचा व्यवसाय लिहिलेला नसला की मी वॉर्डात फोन करते.