फारकतीनंतरचे मूल : गोंदिया परिसरातील एका प्रश्नाचा इतिहास

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. परंतु विभक्त होणाऱ्या आईबापांच्या मुलांनी कोणाकडे राहावे, हा प्रश्न या धानपट्ट्यात फार जुना आहे. मध्य प्रांताच्या काळात येथील अनेक जातीजमातींत फारकत, म्हणजे पंचांसमक्ष होणारी काडीमोड, रूढ होती आणि त्यानंतर स्त्रीला पाट लावून, म्हणजे साध्या विधीने, दुसरा संसार मांडता येत असे. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात अशा रूढींच्या नोंदी जागोजागी आढळतात. पंचांपुढचा मुख्य हिशेब लग्नखर्चाचा असे. स्त्री दुसऱ्याकडे नांदायला गेली, तर त्याने पहिल्या नवऱ्याचा खर्च भरून द्यावा, असा दंडक गोंडांसह अनेक समाजांत होता. मूल बापाच्या कुळाचे, हे गृहीतच असल्याने त्याच्या हिताचा वेगळा विचार सहसा होत नसे. या रूढींतील मोकळिकीचे कौतुक करणाऱ्यांनी ही बाजू पुरेशी पाहिलेली नाही.

मुलाच्या कल्याणाला कायद्यात स्पष्ट स्थान मिळाले ते १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाने. न्यायालयाने पालक नेमताना मुलाचे वय, नेमल्या जाणाऱ्याचे चारित्र्य आणि मूल जाणते असल्यास त्याची इच्छा विचारात घ्यावी, असे त्यात सांगितले होते. तरीही बाप हयात आणि लायक असेपर्यंत त्याचाच अधिकार वरचढ राहिला. १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमाने घटस्फोटाची वाट सर्व हिंदूंसाठी खुली केली, रूढीने होणारी फारकतही कायम ठेवली आणि मुलांचा ताबा व पोषण यांविषयी आदेश देण्याचा अधिकार न्यायालयास दिला. पुढच्याच वर्षीच्या अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाने पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे असावे, असे ठरवले. बाप हयात असतानाही परिस्थितीनुसार आई नैसर्गिक पालक ठरू शकते, हा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय फेब्रुवारी १९९९ चा, म्हणजे जिल्हानिर्मितीच्या जेमतेम अडीच महिने आधीचा आहे.

मात्र १९५५ आणि १९५६ चे हे दोन्ही कायदे केंद्राच्या अधिसूचनेवाचून अनुसूचित जमातींना लागू होत नाहीत. त्यामुळे देवरी किंवा सालेकसा भागातील गोंड आणि हलबा कुटुंबांत फारकत आजही रूढीच्या आधारे ठरते, वाद न्यायालयात गेल्यास ती रूढी पुराव्याने सिद्ध करावी लागते आणि मुलाच्या ताब्यासाठी सव्वाशे वर्षांहून जुन्या १८९० च्या कायद्याचाच आधार घ्यावा लागतो. त्या कायद्यातील एक तरतूद या सीमावर्ती जिल्ह्यात विशेष मोलाची आहे. येथील सोयरिकी बालाघाट आणि राजनांदगावपर्यंत होतात. पण मूल जेथे नेहमी राहते, तेथील जिल्हा न्यायालयात अर्ज करता येत असल्याने लेकरासह माहेरी स्थिरावलेल्या आईला सासरच्या राज्यात खेटे घालावे लागत नाहीत. हिंदू विवाह अधिनियमाखाली पत्नीला स्वतःच्या राहत्या ठिकाणी दावा लावण्याची अशी मुभा २००३ च्या दुरुस्तीने मिळाली.

दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांतच कुटुंब न्यायालय बंधनकारक आहे; अन्यत्र ते स्थापणे राज्य सरकारच्या इच्छेवर सोडलेले आहे. गरीब पक्षकारासाठी म्हणूनच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे महत्त्व मोठे आहे. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, मग त्यात बापही आले, उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो.