पेटलेले तळे आणि गाळातली फौज

आजची गोष्ट माझ्या शहरातली, बंगळुरूची. 19 जानेवारी 2018 रोजी बेळ्ळंदूरच्या तळ्यात आग लागली आणि ती विझवायला लष्कराचे सुमारे 5,000 जवान उतरले. मी तेव्हा निवृत्त होतो. पण प्रश्न मनात घर करून राहिला : तळे पेटतेच कसे? उत्तर शोधायला गाळात उतरावे लागते, आणि इतिहासातही.

बंगळुरूला मोठी नदी नाही. केंपेगौडांनी 1537 मध्ये शहर वसवले. त्याच्या आधीही आणि नंतरही इथल्या लोकांनी उतारावर एकाखाली एक तळी बांधली. 1638 मध्ये आदिलशाही फौजेने शहर घेतले, पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. तेव्हाही तहान हीच तळी भागवत होती. वरच्या तळ्याचे जादा पाणी राजकालुवे नावाच्या कालव्यांतून खालच्या तळ्यात जाई. बेळ्ळंदूरचे पाणी वर्तूरला आणि तिथून दक्षिण पिनाकिनी नदीतून तमिळनाडूत जाते. उन्हाळ्यात तळे आटले की शेतकरी गाळ काढून शेतात टाकत. गाळ म्हणजे खत.

1974 मध्ये सुमारे 100 किलोमीटरवरून कावेरीचे पाणी शहरात आले. शहर वाढले, आणि वापरलेले पाणी सांडपाणी होऊन तळ्यांत उतरू लागले.

गाळात कोट्यवधी जिवाणू असतात. मैला, साबण, तेल यांचे विघटन तेच करतात. पण फौज रसदीवर लढते, आणि या फौजेची रसद म्हणजे ऑक्सिजन. सांडपाणी बेसुमार आले की ऑक्सिजन संपतो. मग जिवाणू नायट्रेट, लोह, सल्फेट यांवर गुजराण करतात. शेवटी मिथेन तयार करणारे उरतात. कामाचा वेग मंदावतो. कपडे धुण्याच्या पावडरीतला फेस करणारा घटक ऑक्सिजन असताना लवकर मोडतो; ऑक्सिजन नसलेल्या गाळात तो साचून राहतो. पावसात गाळ ढवळला की सांडव्यावर फेसाचे डोंगर उभे राहतात. त्यात कारखान्यांतले तांबे, क्रोमियम, कॅडमियम आले तर जिवाणूंची विकरेच निकामी होतात. धातूंचे तर विघटन होतच नाही.

सांडपाण्याच्या खतावर जलपर्णी माजली, वाळली, त्यात कचरा पडला. 2018 मध्ये पेटले ते हेच.

राष्ट्रीय हरित लवादाच्या दट्ट्यानंतर गाळ उपसणे सुरू झाले. पण इथे सावध राहायला हवे. गाळात सल्फाइडने बांधून ठेवलेले धातू हवा लागताच सुटू शकतात. म्हणून आजोबांच्या काळासारखा हा गाळ तपासल्याशिवाय शेतात टाकता येत नाही. आणि सांडपाणी शुद्ध न करता सोडत राहिलो, तर उपसलेल्या जागी पुन्हा तसाच गाळ साचेल.

आग पाच हजार जवान विझवू शकतात. गाळातल्या फौजेचे काम त्यांना करता येत नाही. तिची रसद तोडू नये, एवढे मात्र आपल्या हातात आहे. तुमच्या गावच्या तळ्याचा गाळ आज शेतात टाकण्याजोगा आहे का, एकदा विचारून पाहा.