एक दाढ आणि एक फसलेला प्रयोग

वर्गात एखादा विद्यार्थी गालाला रुमाल लावून बसला की काय झाले ते विचारावे लागत नाही. दाढ काढलेली असते. गाल थोडा सुजलेला असतो, बोलताना शब्द अडखळतात, पण दोन-तीन दिवसांत तो पुन्हा मधल्या सुट्टीत धावू लागतो. दाढ काढताना दुखले का, असे विचारले तर तो म्हणतो, ‘सुई टोचली तेवढेच दुखले.’ हे वाक्य आज अगदी साधे वाटते. पण दोनशे वर्षांपूर्वी ते जगातल्या कोणत्याही माणसाला म्हणता आले नसते. ते शक्य झाले त्यामागे एका दंतवैद्याची स्वतःची दाढ आहे आणि भर सभेत फसलेला त्याचा एक प्रयोगही आहे.

त्या काळी दात काढणे म्हणजे काय, याची कल्पना अवजारांवरून येते. अठराव्या शतकात युरोपात दात काढण्यासाठी किल्लीसारखे एक अवजार वापरत. त्याचा आकडा दाढेत अडकवायचा आणि कुलूप उघडावे तसा पिळा द्यायचा. दाढ निघे, पण कधी तिच्याबरोबर जबड्याच्या हाडाचा तुकडाही येई. रोगी हलू नये म्हणून त्याला धरून ठेवावे लागे. १८४० च्या सुमारास इंग्लंडमध्ये जॉन टोम्स याने दातांच्या आकाराला नेमके बसतील असे चिमटे तयार करवून घेतले. त्यामुळे मोडतोड कमी झाली, वेदना मात्र राहिलीच.

चव्वेचाळीस वर्षे पडून राहिलेले वाक्य

वेदनेवरचा उपाय खरे तर त्याआधीच हाताशी आला होता. नायट्रस ऑक्साइड हा वायू जोसेफ प्रिस्टले याने १७७२ मध्ये तयार केला. पुढे इंग्लंडमधील ब्रिस्टलजवळ वायूंच्या औषधी उपयोगाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत हम्फ्री डेव्ही हा विशीतला तरुण तो वायू स्वतः हुंगून पाहू लागला. त्या दिवसांत त्याची अक्कलदाढ येत होती आणि हिरडी सुजून ठणकत होती. वायूचे चार-पाच श्वास घेताच ठणका कमी झाल्याचे त्याच्या लक्षात आले. परिणाम ओसरल्यावर दुखणे परत आले, हेही त्याने प्रामाणिकपणे नोंदवले. १८०० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने लिहिले, की हा वायू वेदना नाहीशी करू शकतो असे दिसते; तेव्हा ज्यात फार रक्त जात नाही अशा शस्त्रक्रियांत त्याचा उपयोग होऊ शकेल.

ग्रंथ वाचला गेला, पण या वाक्याचे कोणी काही केले नाही. डेव्ही लवकरच लंडनला गेला आणि विद्युत-रसायनशास्त्रात रमला. वायू मात्र जत्रा-जलशांत पोहोचला. हुंगणारे लोक हसत, नाचत, पडत आणि बघणारे पैसे देत. ‘हास्यवायू’ हे नाव त्याला मिळाले. वेदनेवरचा उपाय चव्वेचाळीस वर्षे करमणुकीच्या मांडवात पडून होता.

हार्टफर्डमधील रात्र

१० डिसेंबर १८४४. अमेरिकेतील हार्टफर्ड गावात गार्डनर कोल्टन याचा हास्यवायूचा खेळ होता. प्रेक्षकांत होरेस वेल्स हा २९ वर्षांचा दंतवैद्य होता. सॅम्युएल कूली नावाच्या तरुणाने वायू हुंगला आणि धावपळीत त्याचा पाय जोरात आपटला. रक्त वाहू लागले, तरी तो शांतपणे जागेवर येऊन बसला. आपल्याला लागले आहे हे त्याला वायूचा अंमल उतरल्यावर कळले. सभागृहातील इतर लोक हसत होते. वेल्सला मात्र आपल्या खुर्चीवर ओरडणारे रोगी आठवले असावेत.

दुसऱ्याच दिवशी त्याने कोल्टनला वायूची पिशवी घेऊन बोलावले. प्रयोग कोणावर करायचा हा प्रश्न त्याने सरळ सोडवला. त्याची स्वतःचीच एक दाढ त्रास देत होती. कोल्टनने वायू दिला आणि वेल्सचा व्यवसायबंधू जॉन रिग्ज याने दाढ उपटली. शुद्धीवर आल्यावर वेल्सने सांगितले, की फारसे काही जाणवलेच नाही. पुढच्या काही आठवड्यांत त्याने डझनभर रोग्यांवर हा प्रयोग केला आणि बहुतेकांना आराम मिळाला.

हे काम शल्यविशारदांच्या आधी एका दंतवैद्याने का मनावर घ्यावे? पाय कापून घ्यायला आलेल्या रोग्यापुढे दुसरा पर्याय मरणाचा असे. तो वेदना सोसायला तयार होई. दात दुखणारा माणूस मात्र अवजार पाहूनच उठून घरी जाई. शिवाय कवळी नीट बसवायची तर तुटक्या दातांची मुळे आधी काढावी लागत. वेदनेमुळे रोगी परत जाणे हे दंतवैद्याचे रोजचे नुकसान होते.

बोस्टनमधील फजिती

जानेवारी १८४५ मध्ये वेल्स बोस्टनला गेला. प्रसिद्ध शल्यविशारद जॉन वॉरन यांच्या परवानगीने त्याने वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसमोर एका रोग्याचा दात काढून दाखवला. चिमटा लागला आणि रोगी ओरडला. सभागृहात हशा पिकला, ‘थोतांड, थोतांड’ असा गलका झाला. आपल्याला नेहमीसारखे दुखले नाही, असे त्या रोग्याने मागाहून सांगितले. पण तोवर विद्यार्थी पांगले होते. वायूची पिशवी आपण जरा लवकर काढली, असे वेल्सने पुढे लिहिले.

चूक नेमकी काय होती ते आज आपल्याला समजते. नायट्रस ऑक्साइड रक्तात फार थोडा विरघळतो. त्यामुळे तो झटपट चढतो आणि पिशवी दूर करताच मिनिटा-दोन मिनिटांत उतरतो. दुसरे म्हणजे तो दुबळा आहे. श्वासात ईथरची वाफ सुमारे २ टक्के असली तरी भूल येते. नायट्रस ऑक्साइड मात्र नुसताच, १०० टक्के दिला तरी भूल पुरती येईलच याची खात्री नसते, आणि तेवढा दिला तर ऑक्सिजनला जागाच उरत नाही. म्हणजे वेल्सची कल्पना खरी होती, पण पदार्थ असा होता की मात्रा आणि वेळ थोडी चुकली की प्रयोग फसावा.

वेल्सचा जुना शिष्य आणि एके काळचा भागीदार विल्यम मॉर्टन याने दुसरा पदार्थ निवडला. चार्ल्स जॅक्सन या रसायनतज्ज्ञाचा सल्ला घेऊन ३० सप्टेंबर १८४६ रोजी त्याने ईथर देऊन एबेन फ्रॉस्ट याचा दात काढला. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये त्याने ईथर दिले आणि त्याच वॉरन यांनी एका रोग्याच्या मानेवरील गाठीवर शस्त्रक्रिया केली. रोगी ओरडला नाही. काही महिन्यांतच ईथर युरोपात पोहोचले.

पुढची कथा मात्र खिन्न करणारी आहे. मॉर्टनने ईथरला रंग व सुगंध देऊन त्याची ओळख लपवली आणि पेटंट घेतले. श्रेयासाठी मॉर्टन, जॅक्सन आणि वेल्स यांच्यात वर्षानुवर्षांचे भांडण लागले. जॉर्जियातील क्रॉफर्ड लाँग याने तर १८४२ मध्येच ईथर देऊन गाठ काढली होती. पण ते त्याने १८४९ पर्यंत प्रसिद्ध केले नव्हते. वेल्स स्वतःवर क्लोरोफॉर्मचे प्रयोग करू लागला. त्याच्या अंमलाखाली रस्त्यावरील स्त्रियांवर आम्ल फेकल्यावरून न्यूयॉर्कमध्ये त्याला अटक झाली आणि २४ जानेवारी १८४८ रोजी तुरुंगातच त्याने आपले जीवन संपवले. तो ३३ वर्षांचा होता. १८६४ मध्ये अमेरिकन दंतवैद्यांच्या संघटनेने भूल देण्याच्या शोधाचे श्रेय त्याला दिले. त्याच सुमारास कोल्टनने हास्यवायू पुन्हा दंतवैद्यकात आणला. १८६८ मध्ये शिकागोच्या एडमंड अँड्र्यूज याने त्यात ऑक्सिजन मिसळण्याची रीत सुचवली आणि गुदमरण्याचा धोका टळला.

सुई आणि गुठळी

आज एका दाढेसाठी माणसाला बेशुद्ध करावे लागत नाही. १८८४ मध्ये कार्ल कोलर याने कोकेनने डोळा बधिर होतो हे दाखवले. लवकरच विल्यम हॉल्स्टेड याने खालच्या जबड्याची नसच बधिर केली. पण कोकेनचे व्यसन लागते. हॉल्स्टेड स्वतः त्यात सापडला. १९०५ च्या सुमारास प्रोकेन आणि १९४३ मध्ये स्वीडनमध्ये लिग्नोकेन तयार झाले. नसेतून संदेश जाताना सोडियमचे आयन आत शिरतात. हे औषध त्यांची दारे बंद करते. वेदना वाहणारे बारीक तंतू लवकर बधिर होतात, दाब कळवणारे जाड तंतू उशिरा. म्हणून दाढ काढताना ओढ जाणवते, पण दुखत नाही.

भूल उतरल्यावरचे काम शरीराचे. रिकाम्या खोबणीत रक्ताची गुठळी होते. तीच तेथील नैसर्गिक पट्टी. कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास दाबून धरायचा तो यासाठी. पहिले २४ तास चूळ भरायची नाही, सारखे थुंकायचे नाही, नळीने काही ओढून प्यायचे नाही, कारण त्या ओढीने गुठळी निघू शकते. विडी, तंबाखू, मशेरी तर नकोच. गुठळी गेली तर हाड उघडे पडते आणि तीन-चार दिवसांनी ठणका कमी होण्याऐवजी वाढतो. अशा वेळी घरी सोसत न बसता दंतवैद्याकडे जावे. सर्व ठीक असेल तर दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलके खळखळावे. हिरडी काही आठवड्यांत भरते. आतले हाड भरायला मात्र काही महिने लागतात.

गालाला रुमाल लावलेला विद्यार्थी वर्गात दिसेल त्या दिवशी ही गोष्ट जरूर सांगावी आणि एक प्रश्न मुलांपुढे ठेवावा: बोस्टनच्या त्या सभागृहात तुम्ही असता, तर रोगी ओरडल्यावर काय विचारले असते? ‘थोतांड’ म्हणणे सोपे होते. वायू किती दिला, किती वेळ दिला, आधीच्या डझनभर रोग्यांचे काय झाले, हे कोणी विचारले नाही. आपल्या प्रयोगशाळेतही कधी प्रयोग फसतो आणि वर्ग हसतो. तेव्हा फळा पुसून पुढच्या धड्याकडे वळण्याआधी तो का फसला, हे मुलांकडून काढून घ्यावे. तो तास वाया जात नाही.