खानावळ : गिरणगावाची उधारीची वही

मुंबईतील पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली स्थापली. ताडदेवला ती १८५६ मध्ये चालू झाली. पुढे परळ, लालबाग, शिवडी या भागांत धुराडी वाढत गेली. रत्नागिरी-साताऱ्याहून आलेल्या तरुणाला गाववाल्याच्या ओळखीने बदलीचे काम मिळे, चाळीच्या खोलीत वळकटी टाकण्यापुरती जागाही मिळे. बायको-मुले गावी, शेतीवर. मग जेवायचे कुठे?

ह्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे खानावळ. पाटी नाही, टेबल-खुर्ची नाही. चाळीतलीच एखादी बाई आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत पाळीनुसार गडी जेवू घाली आणि पैसे महिन्याच्या पगाराला घेई.

शहरात नवा आलेला माणूस मात्र कोणत्याही खानावळीत जात नसे. कोकण्याला भात, माशाचे कालवण आणि कोकमाची आंबट चव हवी. घाटावरच्याला भाकरी आणि कांदा-लसणीची चटणी. आपल्या तालुक्याची बाई सापडली की शोध संपे. ही केवळ जिभेची ओढ नव्हती. गावची खबर तिथेच कळे, नोकरीचा सुगावाही तिथेच लागे.

गोमंतकीय ख्रिस्ती समाजाने हीच गरज वेगळ्या रीतीने भागवली. धोबीतलाव-गिरगावच्या बाजूस त्यांचे गावनिहाय ‘कूड’ उभे राहिले. बोटीवर जाणारा खलाशी वा आचारी तिथे आपल्या गावकऱ्यांत उतरे.

ह्या आपलेपणाला एक काळी बाजू होती, तीही सांगितलीच पाहिजे. गावाबरोबर जातही पंक्तीला बसे. गिरणीत धोट्याच्या छिद्रातून धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाच्या सबबीवर दलित कामगारांना विणखात्यात प्रवेश नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. जिथे धोटा चालत नव्हता, तिथे एका ताटाची गोष्ट दूरच.

संपाच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावे येतात; खानावळवाली येत नाही. वास्तविक पगार थांबला तरी कामगार जेवायला येतच असे. बाई वाण्याकडून उधार आणी, व्याज भरी, प्रसंगी दागिना गहाण टाकी. संप किती दिवस तगेल, हे युनियनच्या निधीइतकेच तिच्या पतीवर अवलंबून असे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

हे हेरले कामगार चळवळीतल्या प्रेमा पुरव यांनी. गोवामुक्तीच्या लढ्यातून आलेल्या प्रेमाताईंनी १९७५ साली १४ खानावळवाल्यांना एकत्र आणून ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभे केले. राष्ट्रीयीकृत बँकेने गहाणाविना, एकमेकींच्या जामिनावर कर्ज द्यावे, ही त्यांची मागणी होती. सावकाराच्या वहीतून सुटण्याचा तो मार्ग ठरला.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. अनेकांनी गावची वाट धरली आणि खानावळीतल्या पंगती ओस पडल्या. मंडळातल्या बायकांनी मग गिरणीऐवजी कचेऱ्यांकडे डबे वळवले. ज्या मंडळाबाहेर होत्या, त्यांच्या वहीतली येणी बहुधा तशीच राहिली.