आपल्या वैनगंगेच्या शेवटचे फ्रेंच गाव

भगिनींनो, आपली वैनगंगा चपराळ्याजवळ वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि सिरोंच्यापाशी गोदावरीत शिरते, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. तेथून पुढे हे पाणी कोठे जाते, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो. राजमहेंद्रीच्या खाली गोदावरीला फाटे फुटतात. त्यांतल्या गौतमी नावाच्या फाट्यावर, समुद्राच्या जवळ, यानम नावाचे गाव आहे. मुलूख जेमतेम ३० चौरस किलोमीटरचा, पण तेथे १९५४ पर्यंत फ्रेंचांचे राज्य होते!

मी सातवी शिकलेली बाई, तेव्हा सनावळी थोडक्यात सांगते. फ्रेंचांनी १७२३ साली तेथे कापडाच्या व्यापारासाठी वखार घातली. धंदा जमेना म्हणून १७२७ साली सोडली, १७३१ साली पुन्हा घातली. पुढे लढाया झाल्या की इंग्रजांनी गाव घ्यावे आणि तह झाला की परत द्यावे, असे चालले. आपल्या अहेरीच्या रानातील सागाचे तराफेही याच पाण्यावरून राजमहेंद्रीकडे जात.

मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट निराळी. १९२९ साली सारडा कायदा झाला व १ एप्रिल १९३० पासून इंग्रजी मुलखात चौदा वर्षांखालील मुलीचे लग्न करणे गुन्हा ठरला. यानममध्ये तो कायदा लागू नव्हता. मग आसपासचे लोक लहान लहान मुलींना घेऊन तेथे जात व लग्ने उरकून येत. गावाला कल्याणपुरम असेच नाव पडले. तेलुगूत कल्याणम म्हणजे लग्न, हे सिरोंच्याकडच्या भगिनींना सांगायला नको.

माझ्या आजेसासूबाई त्याच बाजूच्या. त्यांचे लग्न नवव्या वर्षी झाले. त्यांना यानमला न्यावेच लागले नाही. रानातल्या खेड्यात कायदा बघायला कोण येणार? मुंडावळ्या बांधताना फार झोप येत होती, एवढेच त्या सांगत.

१३ जून १९५४ रोजी तेथील लोकांनी फ्रेंच अंमल उलथला. १९६२ च्या ऑगस्टात भारतात कायदेशीर विलीनीकरण पुरे झाले, आणि शेकडो मैल दूर असूनही यानम आज पुदुच्चेरीत मोडते. तेथे जाणारे लोक फ्रेंचांच्या वेळचे चर्च पाहून येतात. जरूर पाहावे, पण त्या मांडवांची खूण तेथे कोणी दाखवते काय?

आता २००६ च्या कायद्याने सगळीकडे मुलीचे वय अठरा आहे. तरी आपल्याच भागात नववीतली मुलगी सुट्टीत ‘मामाकडे’ जाते आणि मंगळसूत्र घालून परतते. येत्या बैठकीत मुलींच्या शाळेचा विषय घेतला आहे. सासवांनीही यावे.